अकरावा रकाना

फोन आला तेव्हा दोन वाजून दहा मिनिटं झाली होती. मी एऊआ बेटावर, मयताच्या घरामागे, जेवण शिजवायच्या तापलेल्या खड्ड्यावर केळीची पानं रचत होते. बाबांची थोरली चुलत बहीण गेली होती. भावाची पोरं म्हणजे मयताच्या लेखी सगळ्यांत खालची. म्हणून काम घरामागचं, धुरातलं, आणि सुतकात अंगाभोवती गुंडाळायची चटई सगळ्यांत मोठी, सगळ्यांत फाटकी, पार गळ्यापर्यंत आलेली. तिच्यातून हात काढून फोन कानाला लावेपर्यंत तो एकदा वाजून थांबून पुन्हा वाजायला लागला होता.

"उनालोतो लोलोहेआ? बाई, तुम्ही जागा घेताय की नाही?"

"कुठली जागा?"

"पत्र वाचलं नाहीत? आठ दिवस झाले पाठवून. निवड झालीय तुमची. आज चारपर्यंत तुमच्या पानावर जाऊन होकार भरा, नाहीतर जागा यादीतल्या पुढच्या माणसाला जाते."

"होकार आहे माझा. हो. लिहून घ्या, हो म्हणाली म्हणून."

"फोनवर चालत नाही, बाई. अर्ज भरावा लागतो."

मी आणखी काही विचारणार तेवढ्यात माझा फोन मेला. वादळानं खांब पाडले होते, बेटावर तीन दिवस वीज नव्हती. मी तो आपटला, पुसला, पुन्हा दाबला. मेलेला तो मेलेलाच.

जागा होती न्यूझीलंडला, जहाजाचं इंजिन शिकवणाऱ्या शाळेत. दोन वर्षं नाही म्हणाले होते, तिसऱ्या वर्षी घेतलं. पंचविशीनंतर घेत नाहीत आणि मला जानेवारीत पंचवीस लागत होती. म्हणजे आज चार वाजेपर्यंत, नाहीतर कधीच नाही. घरात कुणाला यातलं काही माहीत नव्हतं. बाईच्या हाताला खोबरेलाचा वास यावा, डिझेलचा नाही, हे बाबांचं मत. ते मत त्यांनी बोटीच्या शेडमध्ये माझ्या हातातला पाना काढून घेताना सांगितलं होतं, चार माणसांसमोर.

माझं सगळं गुपित घरच्या कॉम्प्युटरमध्ये होतं, कोलोवाईला, समुद्रापलीकडे. बोट बंद, म्हणून घरचे तिकडेच अडकलेले. बेटावरचं इंटरनेट बंद. आणि ते चालू असतं तरी काय उजेड पडणार होता? पासवर्ड मला कुठं आठवत होता! तो मशीनला पाठ होता, मला नाही. मशीनमध्येसुद्धा तो फक्त माझ्या दाराआड होता.

हे दार म्हणजे काय ते सांगते. आमच्या घरात कॉम्प्युटर एकच. मोठ्या मामानं ऑकलंडहून पाठवलेला, बाहेरच्या खोलीत खिडकीला लागून ठेवलेला. पहिलं वर्षभर त्यात जो बसेल तो. मग एका रविवारी माझा भाऊ पेनिसिमानी बाबांना आणि पाद्रीबाईंना भजनमंडळीचं गाणं दाखवायला बसला, आणि गाण्याच्या शेजारी पडद्यावर ही एवढी लाल काचोळीची जाहिरात उमटली. मीच आदल्या दिवशी माप बघत होते. मशीनला काय कळतंय शनिवारी कोण बसलं होतं आणि रविवारी कोण! पेनी ताडकन उठला. दारात मी उभी होते, म्हणून तो खिडकीतून बाहेर गेला. सहा फुटांचा रग्बी खेळणारा गडी, खिडकीत अडकला, फुलझाडावर पडला. बाबांनी मशीनवर चादर टाकली ती तीन आठवडे.

आमच्यात भाऊ वयात आला की वेगळ्या झोपडीत झोपतो. बहिणीच्या खोलीत पाय टाकत नाही, तिच्या अंथरुणावर बसत नाही, तिच्यासमोर वावगा शब्द काढत नाही, तिच्यासोबत एका खोलीत सिनेमा बघत नाही, कारण सिनेमात कोण कधी कुणाला मिठी मारेल सांगता येत नाही. यावर कायदा नाही. कायदा लागतच नाही.

तीन आठवड्यांनी आत्यानं चादर काढली. कालोलाइने आत्या, बाबांची थोरली बहीण. बापाची बहीण बापापेक्षा मोठी, तिच्या शब्दावर बापाचा शब्द नाही. ती म्हणाली, "मशीनचा काय दोष? घराला दारं आहेत, याला नाहीत. दारं करा." पेनीनं केली. ब्राउझर उघडला की आधी विचारायचा, कोण? निळ्या गोलावर दाबलं की पेनीची मॅच, पेनीची गाणी. पिवळा गोल आत्याचा: सकाळी प्रार्थना आणि दुपारी बायकांच्या कुस्त्या. हिरवा माझा. ज्याचं त्याच्या दाराआड, ज्याचं ते मशीन लक्षात ठेवणार, दुसऱ्याला दाखवणार नाही. दाराला कडी मात्र नव्हती. कुणीही हिरवं दाबावं आणि आत जावं. वर्षभरात कुणी गेलं नाही. कुणी जाणारही नव्हतं. म्हणून तर माझा सगळा पसारा तिथं उघडा पडला होता.

मी धक्क्याकडे पळत सुटले. चटई पायात येत होती. तिथं तोकिलुपेच्या दुकानात जनरेटर होता आणि बोलण्यापुरता फोन. तोकिलुपे जाळीच्या खिडकीआड बसून बिस्किटं खात होती.

"सुतकात पळतेस? मयत उठून बसलं की काय?"

"फोन दे. घरी लावायचाय."

"सगळ्यांनाच घरी लावायचाय. बोट कधी सुटणार हे देवाला विचार, घरच्यांना विचारून काय—"

"तोकिलुपे, दे!"

तिनं जाळीतून फोन सरकवला. दोन वाजून पन्नास. पेनीचा नंबर तेवढा पाठ होता.

"पेनी, मी उना. मशीन चालू कर."

"चालूच आहे. मॅच बघतोय."

"ती बंद कर. हिरवं दाब."

तिकडे मॅचचा आवाज बंद झाला.

"पेनी?"

"ताई, काय बोलताय तुम्ही?"

"माझं पान उघड. एक पत्र आलंय, त्याला उत्तर द्यायचंय. चारच्या आत. मी सांगते तसं दाबत जा."

"ते तुमचं आहे."

"मला माहीत आहे ते माझं आहे! म्हणून तर सांगतेय!"

"मी नाही जाणार आत, ताई. माफ करा."

तो मला कधी उलटून बोललेला नाही. आम्ही भावंडं भांडत नाही, कारण भांडायला आधी बोलावं लागतं. आमची ही मर्यादा फार सुंदर आहे असं बाहेरून येणारे पाहुणे म्हणतात. त्यांनी ती दहा मिनिटं फोनवर धरून बघावी.

"मी सांगतेय ना! माझी परवानगी आहे."

"तुमच्या परवानगीनं चालत असतं तर मर्यादा कशाला हवी होती? आत काय काय असेल तुमचं. मी आत्याला बोलावतो."

"आत्याला नको!" मी ओरडले, पण तो हाका मारत गेला होता.

आत्या नको होती त्याला कारण होतं. तिला मूलबाळ नाही. दोन वर्षांपूर्वी ती आमच्याकडे राहायला आली आणि बाबांना म्हणाली, उना मला दे. लग्न करायचं तर इथंच, गावात, माझ्या गुडघ्यांना तेल चोळायला जवळ हवी. बाबांनी मान डोलावली. मला कुणी विचारलं नाही. टोपली मागावी तसं तिनं मला मागितलं, आणि आमच्यात आत्यानं मागितलेलं नाकारत नाहीत.

"कोण मेलं आता?" आत्याचा आवाज आला.

"कुणी नाही, आत्या."

"मग ओरडतेस कशाला?"

दुसरा रस्ता नव्हता. "आत्या, माझ्या हिरव्या दारात जा. तिथं एक कागद आहे. मी सांगते तिथं दाबा. वाचू नका, नुसतं दाबा."

"चाळीस वर्षं शाळेत शिकवलं मी. न वाचता सही करू नका, हेच शिकवलं." खुर्ची करकरली. "पेनिसिमानी! पळालास कुठं? मला या उंदराचं काही कळत नाही."

"मी ओसरीवर आहे, आत्या." पेनीचा आवाज लांबून, खिडकीपलीकडून. पडद्याकडे पाठ करून उभा असणार, मला न बघताही दिसत होतं. "बाण हिरव्या गोलावर न्या. हं. दाबा. एकदाच!"

"एकदाच दाबलं."

"दोनदा वाजलं, आत्या."

"हात थरथरतो माझा, त्याला मी काय करू? तू ये मग आत."

"नाही नाही, तुम्हीच दाबा."

तोकिलुपे बिस्किट विसरून जाळीला चिकटली होती. "काय चाललंय? खजिना काढताय का?"

तीन वाजून सात.

माझं दार उघडलं, आणि मशीननं माझं जे जे उघडं राहिलं होतं ते सगळं इमानदारीनं आत्यापुढे मांडलं. आत्याला मोठ्यानं वाचायची सवय. "पिस्टनच्या कड्या कशा बदलाव्यात. हे काय गं? समुद्र लागू नये म्हणून उपाय. जहाजावरच्या बायकांचे अनुभव. उना, कुठल्या बायका?"

"आत्या, ते सोडा. पत्र. वर पाकिटाचं चित्र आहे ते."

"खिडकीत मोठ्यानं नका वाचू, आत्या," ओसरीवरून पेनी. "मला ऐकू येतंय."

"कान झाक मग." दाबल्याचा आवाज. मग आत्याचं वाचणं हळूहळू मंद होत गेलं. "अभिनंदन. आपली निवड. सागरी इंजिन. दोन वर्षे. वसतिगृह." शेवटचा शब्द तिनं दोनदा वाचला.

मी डोळे मिटले.

"बापाला विचारलंस?"

"नाही."

"मला?"

"तुम्ही नाही म्हणाला असतात."

"मग आताही नाही म्हणते."

"आत्या, मला जानेवारीत पंचवीस लागतात. त्यानंतर घेत नाहीत."

"पंचविशीत बायका दोन पोरांच्या आया असतात. माझं कोण बघणार? तू मला दिलेली आहेस."

"तुमच्या गुडघ्यांसाठी जन्मले का मी?"

तोकिलुपेनं तोंडावर हात मारला. आत्याशी असं कुणी बोलत नाही. मीही त्या दिवसापर्यंत बोलले नव्हते. वीस-पंचवीस वर्षांचं एकदम बाहेर आलं: "मी काय चटई आहे, मागितली की गुंडाळून द्यायला? बाबांनी दिलं, तुम्ही घेतलं, आणि मी कुठं होते तेव्हा? मागच्या चुलीवर, तुमचाच स्वयंपाक करत!"

फोन लाकडावर ठेवल्याचा आवाज आला. मग आत्याची पावलं, ते ओढत चालणं, आणि दार.

पण फोन चालू होता. मला पंख्याची घरघर ऐकू येत होती.

"पेनी!" मी ओरडले. धक्क्यावरची माणसं वळून बघायला लागली. "पेनी, ऐकू येतंय का?"

"येतंय." लांबून.

"तूही ऐकलंस सगळं."

"ऐकलं."

"मग?"

"ताई, लहानपणी मी तुमच्या अंथरुणावरून चेंडू आणायला गेलो होतो. आठवतं? बाबांनी वळ उठवले. तेव्हा मी पाच वर्षांचा होतो. आता मी तेवीसचा आहे."

"आठवतं."

"मग असं सांगू नका मला."

तीन वाजून एकतीस. मी रडत होते आणि मला माझ्या रडण्याचा भयंकर राग येत होता. विनवण्या करून माझी जीभ थकली होती. मी म्हटलं, "ठीक आहे. मर्यादा सांभाळ. मोठी छान आहे तुझी मर्यादा. बहीण आयुष्यभर खड्ड्यावर पानं रचेल, पण भावानं तिचं हिरवं बटण दाबलं नाही असं लोक सांगतील. फोन ठेव."

त्यानं ठेवला नाही. मीही ठेवला नाही. नुसता पंखा.

"जनरेटरचं तेल संपत आलंय हं," तोकिलुपे हळूच म्हणाली. मी तिच्याकडे बघितलं तशी ती गप्प झाली.

मग खुर्ची करकरली. जड माणसाची करकर होती ती.

"काय दाबू?" पेनी म्हणाला.

"होकार. खाली असेल."

"दाबलं. आता अर्ज आलाय. तब्येतीचा. बारा रकाने."

"वाच."

आम्ही भरायला लागलो. डोळे? चष्मा नाही. कान? ठीक. दम्याचा त्रास? नाही. हाड मोडलंय का? मनगट, लहानपणी. पेनीला टायपिंग चांगलं येत होतं, पण आज एकेक अक्षर दगडासारखं पडत होतं. मध्येच मशीन अडकलं, पान गोल फिरत राहिलं. तो म्हणायचा, फिरतंय. मी म्हणायचे, फिरू दे. तीन चव्वेचाळीस. औषधं? नाहीत. वजन?

"वजन सांगायलाच हवं का?" मी म्हटलं.

"ताऱ्याची खूण आहे त्याला."

सांगितलं. तोकिलुपे कुजबुजली, "एवढं नसशील गं." दहावा रकाना झाला. तीन बावन्न.

"अकरावा?"

कळांचा आवाज थांबला.

"पेनी, अकरावा. वाच."

"नाही वाचता येत."

"इंग्रजी आहे म्हणून?"

"नाही."

"मग रिकामा सोड."

"सोडता येत नाही. पुढं जात नाही. ताराच आहे." त्याचा श्वास ऐकू येत होता, मॅचनंतर येतो तसा. "वर लिहिलंय, फक्त स्त्रियांसाठी."

मला कळलं. बोटीवर चढणाऱ्या बाईला काय विचारतात ते मला माहीत होतं, जहाजावरच्या बायकांचे अनुभव मी रात्रंदिवस वाचले होते. भावाला बहिणीसमोर 'बाळंतपण' हा शब्दही उच्चारता येत नाही आमच्यात. बहिणीचा वाळत घातलेला परकर दिसला तर भाऊ लांबून वळसा घालून जातो. आणि मशीन माझ्या भावाला सांगत होतं, विचार तिला.

"काय मागतायत, एवढंच सांग," मी म्हटलं. "आकडा की शब्द?"

तो म्हणाला, "तारीख."

तोकिलुपे जाळीतून सरळ माझ्या तोंडाकडे बघत होती. मागे दोन माणसं मिठाची पिशवी घ्यायला उभी होती, एक तर मयताच्या घरचाच होता. मी खाली चटईकडे बघितलं. मग वर बघितलं.

"सोळा नोव्हेंबर," मी म्हटलं. मोठ्यानं. स्पष्ट.

तिकडे कळा दाबल्याचे आवाज आले. एक, सहा. मध्ये थांबला. मग पुढचे.

"बारावा?" माझा आवाज मला परका वाटत होता.

"सही म्हणून नाव टाका म्हणतायत."

"टाक."

त्यानं माझं नाव टाईप केलं. आयुष्यात त्यानं माझं नाव उच्चारलं नव्हतं, ताई सोडून. तीन सत्तावन्न.

"फिरतंय," तो म्हणाला.

मी फोन कानाला घट्ट दाबला.

"फिरतंय. फिरतंय. गेलं. हिरवी खूण आलीय. मिळाला म्हणतायत अर्ज."

"पेनी..."

"बंद केलंय सगळं," तो म्हणाला. "मी काही बघितलं नाही, ताई." आणि फोन कापला.

बोट तिसऱ्या दिवशी सुटली. मी घरी पोचले तेव्हा पेनी गावाच्या दुसऱ्या टोकाला काकांकडे राहायला गेला होता. आत्यानं बाबांना सांगितलं होतं. मी शाळेत जाणार हे तिनं सांगितलं, पण बाबांना ते ऐकूच गेलं नाही. त्यांना एवढंच ऐकू गेलं की पेनी बहिणीच्या दारात शिरला. एऊआवरून मिठाच्या पिशवीसोबत तारखेची गोष्टही बोटीनं आली होती. रविवारी जेवताना बाबा म्हणाले, "लाज सोडली पोरानं."

पानावर अळूची पानं नारळाच्या दुधात शिजवलेली होती. मी हात धुतला आणि उभी राहिले.

"त्यानं विचारलं नाही," मी म्हटलं. "माझी पाळीची तारीख मी सांगितली. दुकानात उभी राहून, सगळ्यांसमोर. त्याला तो प्रश्न वाचायचीसुद्धा लाज वाटली. लाज सोडली असेल तर मी सोडली. मला बोला."

बाबांनी पान सरकवलं आणि बाहेर गेले. आई प्रार्थना पुटपुटायला लागली. आत्या मात्र जेवत राहिली. घास गिळून तिनं विचारलं, "तारीख खरी होती?"

"हो."

"खरी असू दे. खोटं लिहून बोटीवर चढू नये." आणि तिनं गुडघे पुढे केले, तेल चोळायला. मी चोळलं नाही. तेलाची वाटी तिच्या हातात दिली. तिनं माझ्याकडे बघितलं, मग स्वतःच बोट बुडवलं. तिनं मला सोडलं की हरली, मला माहीत नाही आणि मी विचारणारही नाही.

पेनीच्या वाटणीचं अन्न मी पानात बांधलं आणि गाव ओलांडून काकांकडे गेले. दुपारची वेळ, प्रार्थनेहून परतलेले लोक ओसऱ्यांवर आडवे झालेले. सगळे बघत होते. झोपडीचं दार लोटलेलं होतं, पण त्याच्या चपला बाहेर होत्या.

"पेनी, जेवण आणलंय."

"पायरीवर ठेवा, ताई."

ठेवलं. "सात फेब्रुवारीला जातेय."

"बरं."

"बाहेर ये."

"नाही येत."

"किती दिवस?"

शेजारच्या ओसरीवरची म्हातारी उठून बसली होती, नीट ऐकू यावं म्हणून. मला सगळ्या गावाचा संताप आला, त्या म्हातारीचा, बाबांचा, त्या बंद दाराचा, आणि पेनीचासुद्धा, तो एवढा चांगला का आहे म्हणून. गुपचूप सांगण्यासारखं आता माझ्याकडे काहीही उरलं नव्हतं. मी रस्त्याच्या मधोमध गेले आणि ओरडले, पार देवळापर्यंत जाईल असं:

"मला जागा माझ्या भावामुळे मिळाली! पेनिसिमानीमुळे! ऐकलंत का सगळ्यांनी?"

म्हातारी म्हणाली, "ऐकलं, बाई, ऐकलं. हळू."

"तुला नाही म्हटलं, आजी," मी म्हटलं, आणि त्या लोटलेल्या दाराकडे बघत पुन्हा ओरडले.